आधी क्रूचं ताट

शेवाळ कोवळं आहे की जून, हे जिभेवर ठेवून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहायला होता. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. पण आता विचार करतो तेव्हा दोन्हींत फारसा फरक वाटत नाही.

बत्तीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केलेला माणूस. निवृत्त होऊन आमच्या बिल्डिंगीत आले ते चीफ कुक म्हणून, पण आमच्याकडच्या लोकांना दोन शब्द एका दमात बोलायचा कंटाळा, त्यामुळे 'कुक' पहिल्याच आठवड्यात गळून पडलं आणि 'चीफ' तेवढं उरलं. नव्या भाडेकरूंना वाटे, हे चीफ इंजिनीअर असावेत. तसं कोणी तोंडावर म्हटलं की मात्र भडका उडे.

"इंजिनीअर बोट चालवतो. कुक बोट राखतो! चार दिवस इंजिन बंद पडला तर बोट तरंगत ऱ्हाते. चार दिवस गॅलीतली चूल बंद पडू दे, कप्तानाला उचलून समुद्रात टाकतील!"

अंगाने आटोपशीर, चौकड्याची लुंगी, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांवर तव्याच्या चटक्यांचे जुने डाग. सगळी ताकद देवाने आवाजात भरलेली. जिन्यात उभं राहून त्यांनी "चहा" म्हटलं, तर मांडवीच्या जेट्टीवर लोक आपापला कप शोधायला लागत. हे मी वाढवून सांगत नाही. दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दिवसभर यंत्रांचा खडखडाट ऐकून घरी आलो की माझी दुसरी पाळी सुरू व्हायची. आमच्या सोसायटीचं मूळ दुखणं एकच, लिफ्ट. बिल्डरने लिफ्ट कबूल केली होती. तिच्यासाठी चार मजल्यांची उभी विहीर बांधली, तळाला खड्डा खणला, मजल्यामजल्यावर दारांच्या जागी प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या, वर छप्पर घालायचं तसंच ठेवलं आणि तो अंतर्धान पावला. मी सतरा पत्रं लिहिली. अठराव्या पत्रावर फाटकात टेम्पो उभा राहिला. सगळी बिल्डिंग खाली धावली. चौथ्या मजल्यावरचे आमचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले आणि गुडघ्यांनी बेजार, ते तर कठड्याला धरून जवळजवळ घसरतच खाली आले. टेम्पोतून उतरली साडेचार फूट लांब माशांची टाकी.

"साहेबांकडून सोसायटीला भेट," बरोबरचा माणूस म्हणाला. "लिफ्टचं काम होईपर्यंत तेवढीच करमणूक."

आता रत्नागिरीत माशाकडे बघायची दृष्टी एकच: तुकड्या किती पडतील. टाकीभोवती जमलेल्या बायकांनी दोन मिनिटांत एकमताने निकाल दिला की यात खाण्यासारखा एकही नाही. लांब पंखांचे तोऱ्यात फिरणारे चार, काळे-केशरी आठदहा, झगमगीत शेपट्यांचे पुष्कळ. आणि सात मासे असे, की ते मासे आहेत हे सांगितल्याशिवाय कळू नये. बोटाच्या पेराएवढे, मातकट, कुशीवर एक काळी रेघ, आणि तोंडाने काचेला चिकटून बसलेले.

"हे शेवाळ खाणारे," तो माणूस म्हणाला. "तुमची काच चाटून लख्ख ठेवतील. सफाईवाले आहेत. यांना काही घालायला लागत नाही."

फुकटात काम करणारे आणि जेवायला न मागणारे सात जण मिळाले म्हणून सगळ्यांचे चेहरे उजळले. गर्दीच्या मागून चीफचा आवाज आला.

"पण शेवाळ कुठे हाय?"

"येईल की हळूहळू, काका."

"येईपर्यंत?"

तो माणूस टेम्पोत बसून निघून गेला. त्या प्रश्नाचं उत्तर पुढचे अडीच महिने मला द्यावं लागेल हे तेव्हा कळलं असतं, तर मीही टेम्पोच्या मागे लटकलो असतो.

महिना होता जून, संपत आलेला. आता पावसाळ्यात रत्नागिरीत शेवाळ कुठे येत नाही? चिऱ्यांच्या कंपाउंडवर येतं, पायऱ्यांवर येतं, स्कूटरच्या सीटवर येतं, कपाटात ठेवलेल्या लग्नातल्या बुटांवर येतं. दोन दिवस आंघोळीला दांडी मारली तर माणसाच्या पाठीवर यावं. सगळा गाव हिरवा, बुळबुळीत. शेवाळ नव्हतं ते फक्त त्या एका काचेच्या पेटीत. वाळू धुतलेली, पाणी नळाचं, काच कोरी, आणि पॅसेजमध्ये उजेड बेताचा. शेवाळ धरायला टाकीचं जरा वय व्हावं लागतं, नव्या टाकीला ते जमत नाही. पण हे आम्हाला कोण सांगणार?

दहा दिवसांत त्या सातांतले दोघं गेले. बिल्डिंगीचं मत पडलं की रोग आला. चीफनी ते दोघं बशीत घेतले, खिशातून भिंग काढलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायला लागले. ऑफिसला उशीर होत असलेला मी पहिलाच सापडलो.

"रोग नाय. पोट बघा. खपाटीला गेलाय. ही भूक हाय."

"अहो चीफ, पण त्यांना घालायला लागत नाही म्हणाला ना तो?"

"त्या झगमगीत पॅसेंजरांना दिवसातून दोनदा दाणे टाकताव ना? नि ह्यांना काय सांगताव? काच चाटा! नव्या काचेला काय लागलेलं असतं ओ, तूप?" मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईल असा करून म्हणाले, "शेक्रेटरी, एक ध्यानात ठेवा. पॅसेंजर उपाशी ऱ्हायला तर ओरडतो. क्रू ओरडत नाय. क्रू गप ऱ्हातो, नि एक दिवस कामावर येत नाय. म्हणून बोटीवर आधी क्रूचं ताट."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलं, की आमच्या घरी पाहुणे आले तर बायको आधी मला वाढायला लागली. तेवढा एक फायदा झाला.

त्या दिवसापासून टाकीचा ताबा चीफकडे. सकाळी साडेसातला ते पांढराशुभ्र, इस्त्रीचा एप्रन बांधून खाली उतरत आणि बोटीवरून आणलेली पितळी घंटा वाजवत. सबंध बिल्डिंगीची झोपमोड करून पाच पेराएवढ्या माशांची हजेरी होई. मग बॅटरी आणि भिंग घेऊन पोटतपासणी. मग जेवण. रोजचा मेनू सोसायटीच्या नोटीसबोर्डावर, माझी सूचना पुसून. पाणी येणार नाही ही सूचना पुसली गेल्याने एका गुरुवारी अख्खी बिल्डिंग तोंडाला साबण लावून उभी होती आणि बोर्डावर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'गुरुवार. दुधी, वाफवलेला, बिनमिठाचा.'

शुक्रवारी तवसं, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी. शनिवारी पालक. रविवारी भेंडी, मधोमध चिरून. प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखायचे. "चव बघितल्याशिवाय वाढायचं नाय," हा दुसरा नियम. बिनमिठाचा, बिनफोडणीचा, गार दुधी तोंडात घोळवून ते डोळे मिटत, मान हलवत आणि मग मासळी साफ करताना निवडावा तसा एक काप निवडून, दगड बांधून तळाशी सोडत.

आणि त्या पाच जणांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुधी पॅसेंजरांनी खाल्ला, पालक पॅसेंजरांनी खाल्ला, तवशाच्या बियांवरून तर मारामाऱ्या झाल्या. क्रू काचेला चिकटून, उपाशी.

तो अपमान चीफना लागला. "बत्तीस वर्षांत माझं ताट परत आलेलं नाय. एक पोलंडचा कप्तान माझ्या हातचं कुळथाचं पिठलं खाऊन रडला होता."

"चवीने की तिखटाने?" मी विचारलं.

चार दिवस माझ्याशी अबोला. ते चार दिवस अजून आठवतात. फार शांत गेले.

पाचव्या दिवशी घंटा वाजली ती थांबेना. मी तोंडात ब्रश घेऊन खाली धावलो. चीफ टाकीपुढे उकिडवे बसले होते आणि डोळ्यांत पाणी. झालं होतं असं: तवशाचा काप तळाशी राहावा म्हणून त्यांनी दारातल्या कुंडीतला एक गोटा उचलून त्याला बांधला होता. गोट्याला पावसाचं शेवाळ धरलेलं. पाचही जण तवसं सोडून त्या गोट्याला झोंबले होते.

"बघा," चीफ म्हणाले. "जेवतायत."

एवढ्यावर थांबणारा माणूस असता तर मी हे कशाला लिहीत बसलो असतो? भाताचा तरवा करतात, आधी एका तुकड्यात दाट रोपं वाढवायची आणि मग शेतात नेऊन लावायची, तसा या गृहस्थाने आमच्या गच्चीत शेवाळाचा तरवा केला. पऱ्यातले, म्हणजे ओढ्यातले, गुळगुळीत गोटे पिशवीतून एस्टीने आणले. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं, तर म्हणाले, "हे सामान नाय, भाजी हाय." परातींत, थाळ्यांत, बिस्किटांच्या डब्यांच्या झाकणांत पाणी घालून त्यांत गोटे मांडले. वर डास बसू नयेत म्हणून जुन्या मच्छरदाणीचा मांडव. एकूण बेचाळीस थाळ्या. त्यांतली एक परात आमच्या घरची निघाली. बायको ती दोन महिने शोधत होती आणि माझ्यावर संशय घेत होती.

शेवाळाला पाणी पुष्कळ मिळे, प्रश्न उन्हाचा. जुलैत रत्नागिरीत ऊन येतं ते पाहुण्यासारखं, चपला न काढता परत जाणारं. ढग फाटला की चीफ जिन्यावरून धडधडत वर पळत, आणि बेचाळीस थाळ्या सरकवत त्या कवडशाच्या मागे गच्चीभर फिरत. ऊन पडलंय हे मला खिडकीतून कधी कळलंच नाही. ते मला चीफच्या पायांवरून कळे.

रोज सकाळी एक गोटा निवडायचा, त्यावरून करंगळी फिरवायची आणि ती जिभेला लावायची. "आजचा कोवळा हाय." किंवा, "ह्यो जून झाला, ह्याला सावलीत ठेवा." मग खाली येऊन लावणी. माझ्या बायकोने एकदा हे पाहिलं आणि त्या दिवशी आमच्याकडे पालेभाजी झाली नाही.

पोटं मात्र भरली. हे मला कबूल करायला लागेल. महिनाभरात पाचही जण असे गुबगुबीत झाले की काचेवर चिकटले की पावट्याचे दाणे ओळीने लावल्यासारखे दिसत. ती पोटं पाहिल्याशिवाय चीफ कोणाला वर जाऊ देईनात. पुण्याहून माझा साडू गणपतीपुळ्याला दर्शनाला जाताना वाकडी वाट करून आमच्याकडे आला. त्याला सहकुटुंब पाऊण तास खाली उभं करून पाचही पोटांचं दर्शन घडवलं. त्यानंतर तो गणपतीपुळ्याला तीनदा येऊन गेला. आमच्याकडे नाही.

टाकीच्या मागच्या काचेवर पुसटशी हिरवी झाक यायला लागली, ती चेअरमनबाईंनी चांगुलपणाने फडक्याने पुसून काढली. दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली: 'काच पुसू नये. जेवण चालू आहे.'

सगळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे. घंटेची तक्रार, थाळ्यांची तक्रार, वासाची तक्रार. शेवटी चेअरमन स्वतः गच्चीत घसरले. लागलं फारसं नाही, पण शब्द पुष्कळ निघाले. "सेक्रेटरी," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मला लिफ्ट हवी होती. तुम्ही मला घसरगुंडी दिलीत!" आणि गणपती आठ दिवसांवर आलेले.

गणपतीच्या आधी सगळी रत्नागिरी शेवाळ घासते. मुंबईकर येतात, गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून, दोन हातांत चार पिशव्या घेऊन, आणि दारातच लोटांगण घालतात. म्हणून पायरी न पायरी, अंगण, विहिरीचा काठ, सगळं ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने खरवडायचं, ही पद्धत. मीही दोन गडी आणले, पावडरची पोती आणली आणि त्यांना एकच वाक्य सांगितलं: "जिथे हिरवं दिसेल तिथे मारा."

त्या दिवशी चीफ गावी गेले होते. जयगडच्या खाडीकडे त्यांचं घर, तिथे मखराची डागडुजी करायची होती. ते संध्याकाळी येणार होते. मी कामावर गेलो. गडी प्रामाणिक. इतके प्रामाणिक गडी मला त्यापूर्वी कधी मिळाले नव्हते आणि पुढेही मिळू नयेत. त्यांनी गच्ची घासली आणि मग मांडव उचलून पाहिलं, तर बेचाळीस थाळ्यांत हिरवे गोटे भिजत घातलेले. घासायलाच ठेवलेत, दुसरं कशाला कोण ठेवील? एकेक गोटा काथ्याने घासला, पावडरच्या पाण्यातून काढला, पुसला आणि सगळ्यांचा सुरेख ढीग रचला. मी परत आलो तेव्हा ते गोटे गावठी अंड्यांसारखे चकाकत होते आणि गडी शाबासकीची वाट बघत होते.

मी वादळाची तयारी केली. खिडक्या लावल्या, बायकोला शेजारी पाठवलं. चीफ आले, वर गेले. मी मागोमाग. त्यांनी ढिगातला एक गोटा उचलला, नाकाशी नेला, जागेवर ठेवला. खाली गेले, टाकीपुढे स्टूल घेऊन बसले. या माणसाचं ओरडणं मी अडीच महिने सोसलं होतं. त्यांचं गप्प बसणं मला पाच मिनिटं झेपेना.

"चीफ, चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? गणपती आलेत. शेवाळ घासायलाच होवा." आणि परत टाकीकडे तोंड.

दुसऱ्या दिवशी मला एका बाईंचा फोन आला. "शेक्रेटरीच बोलताव काय? मी चीफची वहिनी. भावोजी गणपतीला यायचं नाय म्हणतात. तुम्ही सांगा ओ जरा. आमच्या ह्यांना आता पाटावर बसवत नाय, यंदा पूजेला भावोजीच बसायचे. बत्तीस वर्षांत चार गणपती गावले त्यांना, बाकी सगळे पाण्यावर. आता घरचा माणूस घरात हाय, तर म्हणतात, पाच जणांना उपाशी टाकून मी कसा येव? कोण ओ ती पाच माणसं?" आणि मला बोलू न देता पुढे म्हणाल्या, "त्यांना पण घेऊन येव दे हय. आमच्यात काय पाच ताटं जड नाय."

मी तडक वर गेलो आणि चीफना म्हटलं, तुम्ही जा, पाच दिवस मी घालतो त्यांना.

"काय घालाल? पावडर?"

"शेवाळ आणतो. गावात काय कमी आहे?"

"चव बघितल्याशिवाय वाढायचं नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. बिल्डरने लिफ्ट कबूल केली होती, त्याच आवाजात.

"तुमचा निरोप आल्याबिगर मी पाटावर बसायचा नाय," असं म्हणून ते गेले.

हरतालिकेच्या दिवशी मी स्कूटर काढली आणि मला माझ्या जन्मगावाचं नवं रूप दिसलं. भाट्याच्या पुलापासून शिरगावपर्यंत शेवाळाचा एक कण नाही! दोन महिने ज्याने पावलोपावली माणसं पाडली, ते औषधालाही मिळेना. विहिरींचे काठ पांढरे, पायऱ्या पांढऱ्या, देवळाच्या तळीची कड पांढरी. हवेत पावडरचा वास. एका दारात उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "तुमच्याकडे शेवाळ आहे का हो?"

"आमच्या दारात शेवाळ?" बाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "गणपती उद्यावर आलेत, नि आमच्या दारात शेवाळ? कोणी सांगितलान तुम्हाला?"

दुसरीकडचे आजोबा भले होते. हळहळले. "अरेरे, कालच घासलं हो सगळं. दोन दिवस आधी यायचं, पाटी भरून दिलं असतं."

मोकळ्या हाताने परत आलो. चतुर्थीला सकाळी वर गुरुजी येऊन बसले, मूर्ती पाटावर, मी पीतांबर नेसून तयार. एकदा टाकी पाहून येतो म्हणून खाली गेलो. पोटं सपाट. हजेरीतला तिसरा काचेवर नव्हताच, वाळूवर पडला होता, कल्ले तेवढे हलत होते. बोर्डावर चीफनी जाताना लिहिलेलं अजून होतं: 'मेनू: शेक्रेटरींकडे.'

मी त्याला नीट बघायला उकिडवा बसलो. बसताना उपरणं घसरलं, ते उचलायला वाकलो आणि लिफ्टच्या दारावर ठोकलेल्या प्लायवूडच्या फटीतून मला हिरवं दिसलं.

फळी ओढली. वर छप्पर नाही, सगळा पावसाळा त्या विहिरीतून खाली कोसळलेला. खड्ड्यात गुडघाभर पाणी, वरून उजेड, आणि पाण्यात बिल्डरच्या माणसांनी टाकून दिलेले फरशीचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर मखमलीसारखं शेवाळ. लिफ्ट नाही म्हणून तिथे घासायला कोणाला सांगायचं मलाही सुचलं नव्हतं. माझ्या अठरा पत्रांचं पीक तिथे डोलत होतं.

पीतांबर खोचून मी खड्ड्यात उतरलो, एक तुकडा उचलला आणि फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला. मागे झांजा आणि कोणाचातरी वैतागलेला आवाज, "आता बसताव काय, भावोजी?"

"चीफ, मिळालं. लिफ्टच्या खड्ड्यात."

"वास घ्या."

"घेतला. मातीचा येतो."

"पावडर?"

"नाही."

"आता चव."

"चीफ, मला पूजेला बसायचंय. सोवळ्यात आहे. तोंडात पाणी घेतलेलं नाही."

"मी पण," ते म्हणाले.

वरून गुरुजींची हाक जिना उतरून आली. "यजमानऽ! अहो यजमान! कुठे आहात?"

"खड्ड्यात!" मी ओरडलो आणि करंगळी फिरवून जिभेला लावली.

उपवासाला शेवाळ चालतं का, हे मी गुरुजींना आजपर्यंत विचारलेलं नाही.

"कसं हाय?"

"कोवळं आहे," मी म्हणालो. आणि भयंकर गोष्ट ही, की ते खरंच कोवळं होतं आणि मला ते कळलं.

"मग वाढा." फोन बंद व्हायच्या आधी मला ऐकू आलं, "चला भटजी. बसतो मी."

गौरी-गणपती पोचवून चीफ परत आले. हातातली पिशवीही न ठेवता टाकीपुढे वाकले, भिंग काढलं, मोजले. पाच. मी मागे उभा, दोन शब्द कौतुकाचे येतील म्हणून. बऱ्याच वेळाने ते सरळ झाले.

"तिसऱ्याचं पोट जरा कमी हाय," म्हणाले आणि वर निघून गेले.

पुढे भावाचं दुखणं वाढलं आणि चीफ कायमचे गावी राहायला गेले. जाताना घंटा, भिंग आणि एप्रन माझ्या दारात ठेवून गेले. मला विचारलंही नाही. एप्रन मला पोटावर बसत नाही. सकाळी सात पस्तिसला त्यांचा फोन येतो. मी कसा आहे, बायको कशी आहे, बिल्डिंग उभी आहे का, काही नाही. "जेवले काय?" एवढंच. जेवले म्हटलं की फोन बंद.

दिवाळीनंतर एक दिवस फाटकात टेम्पो उभा राहिला. या वेळी खरंच लिफ्ट घेऊन. चेअरमन कठड्याला धरून खाली आले, मिस्त्रीच्या पाया पडायचे तेवढे बाकी राहिले. मिस्त्रीने फळी काढून आत पाहिलं.

"साहेब, खड्डा आत्ता उपसायला लागेल. आज नाही झालं तर आम्ही जयगडच्या कामावर जाणार. मग परत कधी ते सांगता येत नाही."

माझ्या हातात नुकताच काढलेला फरशीचा तुकडा होता. टाकीत आता मागच्या काचेवर थोडं शेवाळ धरतं, पण पाच जणांचं त्यात भागत नाही. नवा तरवा गच्चीत मांडला होता, त्याला अजून आठ दिवस तरी हवे होते. मी चेअरमनच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं. पाच जण काचेला चिकटून, पोटं माझ्याकडे करून बसले होते. त्यांतलं कोणी काही बोललं नाही.

"आठ दिवसांनी या," मी मिस्त्रीला म्हणालो. "आत्ता जेवण चालू आहे."

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. चेअरमन रोज चार मजले चढतात, प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि माझ्या नावाने जे काय म्हणायचं ते म्हणतात. मी खाली टाकीपुढे बसून सगळं ऐकतो.

पॅसेंजर ओरडायचेच.